परतलेल्याला ओळखायचं कोणी?

तूलूज, नोव्हेंबर



11 नोव्हेंबरला इथे फ्रान्समध्ये सुट्टी असते. 1918 साली याच तारखेला पहिलं महायुद्ध थांबलं. आपल्या ग्रामपंचायतीच्या जागी इथे कोम्यून असतो आणि देशभरात असे जवळपास 35 हजार कोम्यून आहेत. वस्ती दोनशेची असली तरी बहुतेक ठिकाणी चौकात किंवा चर्चच्या भिंतीला लागून एक दगडी स्मारक असतंच. त्यावर त्या गावातून लढाईला गेलेल्या आणि न आलेल्या माणसांची नावं कोरलेली असतात. त्या सकाळी मेयर एकेक नाव वाचतो आणि जमलेले लोक, बऱ्याच गावांत शाळेतली पोरं, प्रत्येक नावानंतर म्हणतात, ‘फ्रान्ससाठी मेला’. एकच आडनाव तीन-तीन, चार-चार वेळा येतं. त्या युद्धात फ्रान्सची सुमारे 14 लाख माणसं गेली आणि त्यातल्या जवळपास 3 लाखांचा पत्ताच लागला नाही.

दगडावर नाव आलं की घरच्यांना निदान रडायला जागा मिळते. मला आज लिहायचं आहे ते जे परत आले त्यांच्याबद्दल, आणि ‘मी परत आलोय’ असं म्हणत जे दारात उभे राहिले त्यांच्याबद्दल. अशा माणसाला ओळखायचं कसं, हा प्रश्न या देशात फार जुना आहे. त्याचा सगळ्यात गाजलेला खटला मी राहते त्याच शहरात चालला.

तूलूजच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या वाटेवर आर्तिगा नावाचं खेडं आहे. 1548 साली तिथला मार्तँ गेर हा तरुण शेतकरी बापाच्या कोठारातलं धान्य चोरल्याचा आळ आल्यावर घर सोडून गेला. मागे बायको बेरत्राँद आणि लहानगा मुलगा राहिला. आठ वर्षं काही खबर नव्हती. 1556 साली एक माणूस आला आणि म्हणाला, मीच मार्तँ. गावातल्या लोकांची नावं त्याला ठाऊक होती, जुने प्रसंग आठवत होते. चार बहिणींनी भाऊ म्हणून जवळ घेतलं, चुलत्याने पुतण्या म्हणून घरात घेतलं, बेरत्राँदने नवरा म्हणून. तीन वर्षं संसार झाला, मुलगी झाली.

मग त्याने चुलत्याकडे जमिनीचा हिशोब मागितला. इतकी वर्षं माझं उत्पन्न तुम्ही खाल्लं, ते काढा, म्हणाला. त्याच चुलत्याला आता तो पुतण्या वाटेना. मला या खटल्यातली सगळ्यात खरी गोष्ट हीच वाटते. तीन वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचा चेहरा परका वाटायला लागला तो जमिनीचा विषय निघाल्यावर. तेवढ्यात गावावरून जाणारा एक शिपाई सांगून गेला की खऱ्या मार्तँचा पाय लढाईत तुटलाय.

प्रकरण रियो गावच्या कोर्टात गेलं आणि तिथे सुमारे दीडशे साक्षी झाल्या. काही म्हणाले तोच, काही म्हणाले नव्हे, आणि साठेक जणांनी सांगितलं की आम्हाला सांगता येत नाही. त्या काळी फोटो नव्हता, आणि बहुतेक शेतकऱ्यांना सही येत नव्हती. चांभार सांगून गेला की जुन्या मार्तँच्या पायाचं माप मोठं होतं आणि याचं लहान आहे. रियोत शिक्षा झाली, अपील तूलूजच्या वरिष्ठ कोर्टात, पार्लमाँत, आलं. न्यायाधीश जाँ द कोरास याला तर आरोपी खरा वाटू लागला होता, आणि निकाल तसाच लागणार होता. इतक्यात 1560 च्या उन्हाळ्यात लाकडी पायावर खुरडत एक माणूस कोर्टात आला. तो स्पेनच्या फौजेत होता आणि 1557 मध्ये सँ काँतँच्या लढाईत त्याचा पाय गेला होता. बहिणींनी त्याला पाहिलं आणि गळ्यात पडल्या. खोटा मार्तँ, म्हणजे आर्नो द्यु तिल, याला 16 सप्टेंबर 1560 रोजी आर्तिगात त्याच घरासमोर फाशी दिली.

बेरत्राँद रडत पुढे गेली तेव्हा खरा मार्तँ तिच्याशी कठोरपणे बोलला. बहिणी चुकल्या, चुलता चुकला, त्यांना माफी होती. बायकोने मात्र ओळखायलाच हवं होतं, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने तिला निर्दोष सोडलं ते बाईची जात सहज फसते असं धरून. ती फसली होती की तिने जाणूनबुजून त्या माणसाला पत्करलं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. नाताली झेमॉन डेव्हिस यांचं 1983 चं पुस्तक सांगतं की तिला कळलं होतं. मला विचाराल तर आठ वर्षं ना विधवा ना सवाष्ण अशा अवस्थेत काढलेल्या, एकट्याने पोर वाढवणाऱ्या बाईकडे कोणी चांगला वागणारा नवरा म्हणून आला, तर तिने काय करायचं होतं? चूक सगळ्यांची होती आणि जाब एकटीला विचारला गेला.

महाराष्ट्रातली माणसं ही गोष्ट ऐकून म्हणतील, यात काय नवल, आपल्याकडेही झालंय. झालंय, आणि फार मोठ्या पातळीवर झालंय. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शिर नसलेलं धड अंगावरच्या खुणांवरून ओळखल्याचं काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय. पुण्यात मात्र कोणी ते पाहिलेलं नव्हतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. थोड्याच वर्षांत उत्तरेत एक माणूस ‘मी भाऊ’ म्हणत उभा राहिला. सुखनिधान नावाचा तो कनोजा ब्राह्मण. माधवराव पेशव्यांनी त्याला पकडून पुण्यात आणलं, चौकशी केली, तो तोतया ठरला. मारलं मात्र नाही, किल्ल्यांवर कैदेत ठेवलं.

1776 मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरून, तो ज्याच्या ताब्यात होता त्या रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला बाहेर काढलं आणि कोकणात बंड पेटलं. किल्ल्यांमागून किल्ले त्याला मिळत गेले, हजारो माणसं मागे गेली. हे सगळे काय भाऊंचा चेहरा ओळखून गेले? पुण्यात बारभाई आणि राघोबादादा यांचा झगडा चालू होता, कित्येकांना कारभाऱ्यांवर राग होता, कित्येकांना नवा धनी हवा होता. पानिपतचं दुःख पंधरा वर्षं उरात होतं आणि कोणीतरी ते खोटं ठरवत होता, तेही एक कारण होतंच. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडलं. तो समुद्रावर पळाला, पण राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि वर्ष संपायच्या आत पुण्यात त्याला मारलं. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक यावरच आहे.

आर्तिगातल्या चुलत्याला जमीन राखायची होती म्हणून ओळख नको झाली. कोकणातल्या सरदारांना कारभार उलटायचा होता म्हणून ओळख हवी झाली. दोन्हीकडे पुरुषांनी आपली सोय पाहिली. पार्वतीबाईंच्या हातात निकाल कधीच नव्हता. त्यांच्या वाट्याला आलं ते बावीस वर्षं वाट पाहणं. 1783 मध्ये त्या गेल्या, तेव्हा कुठे त्यांच्याबरोबर भाऊंचंही उत्तरकार्य झालं.

इथलं आणखी एक प्रकरण सांगायलाच हवं, कारण यात कोणी लबाड नव्हता. 1 फेब्रुवारी 1918 रोजी लियों शहराच्या स्टेशनवर जर्मनीतून सुटलेल्या आजारी कैद्यांमध्ये एक शिपाई उतरला. त्याला काही आठवत नव्हतं. तो पुटपुटला ते ‘माँजँ’ असं काहीसं ऐकू आलं, म्हणून कागदावर आँतेल्म माँजँ लिहिलं गेलं. तूलूजपासून फार लांब नसलेल्या रोदेझच्या मनोरुग्णालयात तो पुढे बरीच वर्षं होता. 1920 साली वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापला, 1922 साली सरकारने तो देशभरच्या मेयर कचेऱ्यांत लावला. शेकडो घरांतून पत्रं आली, हा आमचाच. आया आल्या, बायका आल्या. एक बाई तर वर्षानुवर्षं कोर्टात सांगत राहिली की हा माझा नवरा आहे. बेपत्ता झालेल्या 3 लाख जणांच्या घरचे एका चेहऱ्यात आपापला माणूस शोधत होते.

शेवटी 1934 मध्ये त्याला सँ-मोर नावाच्या गावी नेऊन स्टेशनवर मोकळं सोडलं. कोणी न सांगता तो चालत वाट काढत एका म्हाताऱ्याच्या घरी गेला. चर्चचा कळस पूर्वीसारखा नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. तो कळस मधल्या काळात वीज पडून बदललेला होता. असा तो त्या म्हाताऱ्याचा मुलगा ओक्ताव्ह माँज्वँ ठरला. 1938 साली कोर्टाने त्याला बाप आणि भावाच्या हवाली करायचं ठरवलं, पण ते दोघेही लवकरच वारले. 1942 मध्ये, जर्मन अमलातल्या पॅरिसमध्ये, तो सँत-आन रुग्णालयात मेला. त्या वर्षांत फ्रान्सच्या मनोरुग्णालयांत उपासमारीने हजारो माणसं मेली.

ओक्ताव्हच्या त्या चालण्याबद्दल वाचलं तेव्हा मला आपल्याकडचा मुखवट्यांचा बोहाडा आठवला. रात्री टेंभ्याच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर सोंग येतं, तोंडावर मुखवटा असतो, तरी माणसं बरोबर सांगतात की आत अमक्याचा पोरगा आहे. पाय टाकायची ढब, मान वळवायची रीत यावरून कळतं. तशी ओळख कुठल्या दाखल्यावर उतरवता येत नाही. आणि ती तेव्हाच टिकते जेव्हा बघणाऱ्यांपैकी कोणाचं त्यात काही अडकलेलं नसतं.

फ्रान्सने कागदावर फार मेहनत घेतली आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायचा राजाचा हुकूम 1539 चा आहे, आणि क्रांतीनंतर 1792 पासून जन्म-लग्न-मृत्यूचं दप्तर चर्चकडून काढून कोम्यूनकडे दिलं गेलं. इथल्या जन्मनोंदीच्या समासात पुढे लग्न, घटस्फोट, मृत्यू हे सगळं लिहीत जातात. म्हणून इथली कचेरी लग्नाच्या वगैरे वेळी ‘ताजा’ जन्मदाखला मागते. आपल्याकडच्या कित्येकांना हे कसं समजावून सांगायचं! जव्हार-मोखाड्याकडच्या माझ्या गावी, पोशेऱ्यात, माझ्या वयाच्या अनेकांचा जन्म शाळेत नाव घालताना 1 जूनला झालेला आहे, आणि घरी विचारलं तर आई सांगते, नागली लावायच्या दिवसांत झालीस.

मात्र या देशाच्या कायद्यात एक कलम आहे, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. माणूस बेपत्ता झाला की कोर्ट आधी तशी नोंद करतं आणि त्यानंतर दहा वर्षांनी त्याला अनुपस्थित जाहीर करू शकतं. मग त्याचं लग्न संपतं आणि बायको दुसरं लग्न करायला मोकळी होते. उद्या तो परत आला तर त्याची मालमत्ता त्याला, जशी असेल तशी, परत मिळते. लग्न मात्र मोडलेलंच राहतं. नागरी संहितेच्या 132 व्या कलमात हे स्वच्छ लिहिलंय. दारात आलेल्याला ओळखलंस की नाही, वाट का पाहिली नाहीस, हे बाईला कोणी विचारू शकत नाही. बेरत्राँदपासून इथवर यायला चारशे वर्षं लागली. ही तरतूद 1977 ची आहे.

आपल्या देशात 2004 मध्ये काय झालं ते पुष्कळांना आठवत असेल. कारगिलच्या वेळी बेपत्ता झालेला एक जवान पाकिस्तानच्या कैदेतून सुटून उत्तर प्रदेशातल्या गावी आला. बायकोचं दुसरं लग्न झालेलं होतं, पोटात मूल होतं. टीव्हीच्या स्टुडिओत पंचायत भरवून, सगळ्या देशासमोर, तिने कोणाकडे जायचं हे ठरवलं गेलं. दोन वर्षांच्या आत ती मेली.

पोशेऱ्यातून लढाईला गेलेले थोडे. जगायला जाणारे मात्र पाड्यापाड्यात आहेत. दिवाळी झाली की बयाणा घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर निघतात आणि होळीला परततात. त्यातला एखादा परतत नाही. कोणी म्हणतं ठाण्यात दिसला, कोणी म्हणतं दुसरी केली, कोणी म्हणतं मेला. त्याच्या बायकोचं काय होतं हे मी लहानपणापासून पाहिलंय. वारली, कोकणा समाजात तिला दुसरं घर करायची वाट मोकळी आहे आणि आपल्या जुन्या माणसांचा हा मोठेपणा मी इथे अभिमानाने सांगते. अडतं ते कचेरीत. विधवा म्हणून निराधार योजनेचा अर्ज करायचा तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा. तो कुठून आणायचा? सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरायची तरतूद आपल्या साक्ष्य अधिनियमात 1872 पासून आहे आणि नव्या कायद्यातही ती कायम आहे. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि त्याच्याही आधी माणूस हरवल्याची तक्रार पोलिसात लिहिलेली असावी लागते. ती तक्रार आपल्या बाया देत नाहीत. नवरा उद्या येईल, ठेकेदार चिडेल, पोलीस उलटे प्रश्न विचारतील, अशी भीती असते.

म्हणून गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना माझं एवढंच सांगणं आहे. होळीला कोणी आलं नाही, तर शिमगा संपायच्या आत त्या घरी जा, बाईला बरोबर घेऊन मोखाड्याला पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्या आणि तिची पोच तिच्या हातात द्या. सात वर्षं त्या तारखेपासून मोजता येतील.