आपण आणि आम्ही

परवा कॉलेजातून लेकाचा फोन आला. "आई, थँक्सगिव्हिंगला आम्ही कुठे भेटायचं?" त्याला म्हणायचं होतं 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत मात्र 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा वगळला जातो. ते फार लागलं.

न्यू जर्सीतलं घर आता रिकामं आहे. शेवटची सात-आठ वर्षं सारखीच गेली: मी मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मन अडकतं ते त्याआधीच्या दहा वर्षांत.

दिवसभर माझ्याशीच बोलणं, म्हणून तो 'मी आले, मी जेवते' म्हणायचा. २०१० साली सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. "आले नाही रे, आलो म्हण!" शेंगा सोलता सोलता तो टरफल शिकला, खवट शिकला. "आजी, आपण खाऊ, आईला नको." 'आपण' तेव्हा कधी चुकला नाही. आजीला इंग्रजी येत नव्हतं, हीच त्याची खरी शाळा.

मग बालवाडीच्या बाईंनी बजावलं, घरी इंग्रजीच बोला, मूल गोंधळतंय. आम्ही घाबरून आठ महिने ऐकलं. तो सल्ला साफ चूक होता. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी १९१३ सालीच स्वतःच्या मुलावर पुस्तक लिहिलं होतं: वडील फ्रेंच बोलत, आई जर्मन, आणि मुलगा दोन्ही भाषा नीट शिकला. मूल दोन भाषा मिसळतं तेव्हा ते गोंधळलेलं नसतं. जवळ असेल तो शब्द वापरतं. हे मला उशिरा कळलं. आठ महिन्यांनी मी मराठीकडे वळले, तो वळला नाही.

रविवारच्या मराठी शाळेत त्याने बाराखडी गिरवली. पण सुट्टीत पुण्याला गेलो, तर मामेभावंडंच त्याच्याशी इंग्रजीत बोलली. २०१७ साली आजी गेली, आणि जिच्यासाठी मराठी यायलाच हवी असं माणूस उरलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मलाही आनंद झाला. पण भाषा टिकते ती अशा एखाद्या माणसामुळे, आणि पुण्यातल्या घरांतूनही ते माणूस हरवतंय.

फोनवर मी चूक काढली नाही. म्हटलं, "आपण घरीच भेटू."

तो जरा थांबला. "हो," म्हणाला, "आपण."