अटॅचमेंट उघडायचीच आहे, पण कुठल्या खोलीत? क्यूब्स ओएससोबतचा माझा दिवस

ज्यांना हा एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "बरं का" जरा कमी केलेत.

विषय आहे क्यूब्स ओएस. पण सुरुवात आपल्याच शहरापासून करू. ६ जून २०१८ ला नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. पुराव्यांत कॉम्प्युटरमधल्या फायली होत्या. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीने त्यांच्या हार्ड डिस्कची प्रत तपासली आणि २०२१ मध्ये तो रिपोर्ट बाहेर आला. त्यात म्हटलंय की ईमेलच्या अटॅचमेंटमधून 'नेटवायर' नावाचं मालवेअर आत शिरलं, वीसेक महिने कोणीतरी दुरून त्या मशीनवर ताबा ठेवून होतं, आणि किमान चौदा फायली त्यात बाहेरून टाकल्या गेल्या. एनआयए हे मान्य करत नाही, आणि खरं-खोटं ठरवणं कोर्टाचं काम आहे. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे.

आपण सगळ्यांना काय सांगतो? "अनोळखी अटॅचमेंट उघडू नका." आता मला सांगा, वकिलानं काय करावं? त्याचा धंदाच अनोळखी माणसाचे कागद उघडण्याचा. पत्रकाराचं तेच, आणि घरमालकाकडून भाडेकराराची पीडीएफ घेणाऱ्या पोराचंही तेच. म्हणून मला तो सल्ला अर्धवट वाटतो. उघडायचं तर आहेच. प्रश्न एवढाच, की कुठे?

क्यूब्स ओएस याच प्रश्नावर उभी आहे. योआना रुटकोव्स्का या पोलंडच्या सुरक्षा-संशोधक. त्यांनी २०१० मध्ये हा प्रकल्प जाहीर केला आणि २०१२ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे. आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये सगळा संसार एकाच हॉलमध्ये असतो: बँक, ईमेल, सिनेमे, आधारचा फोटो. एक चोर शिरला की सगळं त्याचं. क्यूब्समध्ये 'झेन' नावाचा थर एकाच मशीनचे अनेक छोटे कॉम्प्युटर करतो. प्रत्येकाला क्यूब म्हणतात. नागपूरकर आहे, तर संत्र्याचं उदाहरण द्यावंच लागणार: साल एक, पण आत प्रत्येक फोडीला आपापलं पातळ आवरण.

माझ्या फोडी अशा आहेत. लाल क्यूब म्हणजे वाट्टेल ते ब्राउझिंग. पिवळ्यात ईमेल आणि पॉडकास्टचं काम. हिरव्यात फक्त बँक, दुसरी एकही साइट नाही. काळा क्यूब म्हणजे व्हॉल्ट, तिजोरी. पासवर्ड आणि महत्त्वाचे कागद तिथे, आणि त्याला इंटरनेटची वायरच जोडलेली नाही. प्रत्येक विंडोला तिच्या क्यूबच्या रंगाची किनार असते, आणि ती किनार 'डोम-झीरो' नावाचा वेगळा भाग काढतो. त्यामुळे लाल क्यूबमधली खोटी साइट हुबेहूब बँकेसारखी दिसली तरी किनार लालच राहते.

कोणाची पीडीएफ आली की मी तिच्यावर राइट क्लिक करून 'डिस्पोजेबल'मध्ये उघडायला सांगतो. काही सेकंदांत नवा कोरा क्यूब उभा राहतो आणि फाइल त्यात उघडते. वाचून विंडो बंद केली की तो अख्खा क्यूब नष्ट. टपरीवरच्या कागदी कपासारखं. फाइलमध्ये काही वाईट असलंच, तर ते त्या कपासोबत गेलं. पीडीएफ जपून ठेवायची असेल तर आणखी एक सोय आहे: डिस्पोजेबलमध्ये तिच्या पानांची नुसती चित्रं करून नवी पीडीएफ बनवता येते. मजकूर कॉपी करता येत नाही मग, पण कागद स्वच्छ.

कॉपी-पेस्टची सवय लागायला मात्र वेळ लागला. एका क्यूबमधून दुसऱ्यात काही न्यायचं तर नेहमीच्या कॉपीनंतर कंट्रोल-शिफ्ट-सी, मग पलीकडच्या विंडोत कंट्रोल-शिफ्ट-व्ही, आणि मग नेहमीचं पेस्ट. चार टप्पे! पहिला आठवडा चिडचिड होते. आता ते चार टप्पे मला आवडतात, कारण पासवर्ड कुठून कुठे चाललाय हे दर वेळी हातानं ठरवावं लागतं.

पेन ड्राइव्हसाठीही वेगळा क्यूब असतो. फोटोकॉपीच्या दुकानातून फिरून आलेला ड्राइव्ह आधी तिथेच थांबतो, मग हवी ती एक फाइल पुढे पाठवायची. नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर 'टेम्प्लेट'मध्ये. बाकीचे क्यूब त्याच्याकडून सिस्टिम उसनी घेतात, म्हणून क्यूबच्या सिस्टिममध्ये कोणी ढवळाढवळ केली तरी रीस्टार्टला ती जाते. होम फोल्डर मात्र तसाच राहतो. म्हणजे ईमेलच्याच क्यूबमध्ये अटॅचमेंट उघडली, तर ईमेलचा क्यूब गेला. भिंती सॉफ्टवेअर बांधून देतं, पण कुठला पाहुणा कुठल्या खोलीत बसवायचा ते आपण ठरवतो. बनवणारेसुद्धा स्वतःच्या सिस्टिमला "बऱ्यापैकी सुरक्षित" एवढंच म्हणतात. मला तो प्रामाणिकपणा आवडतो.

त्रास सांगू? किमान ६ जीबी रॅम लागते, पण खरं तर १६ जीबी हवी. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनच्या सोयी हव्यात, त्यामुळे लॅपटॉप घेण्याआधी क्यूब्सच्या साइटवरची चालणाऱ्या मशीनची यादी बघा. गेम विसरा. व्हिडिओचा भार ग्राफिक्स कार्डऐवजी प्रोसेसरवर पडतो, पंखा भणभणतो, आणि आपल्या मे महिन्यात तो लॅपटॉप मांडीवर घ्यायची सोय नाही, बाप्पा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर फोनच आहे. बरं, अँड्रॉइडमध्येही प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कोंडवाड्यात चालतं. फोडी आहेतच. पण "अलाऊ" दाबून भिंतीला भोक आपणच पाडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल हेच करते. इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि दिली की ओटीपी तिकडे. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. आणि ज्या अ‍ॅपवर भरवसा नाही पण वापरावंच लागतं, ते अँड्रॉइड १५ च्या 'प्रायव्हेट स्पेस'मध्ये किंवा सॅमसंगच्या 'सिक्युअर फोल्डर'मध्ये टाका. तिथे त्याला तुमचे नेहमीचे फोटो आणि कॉन्टॅक्ट दिसत नाहीत. लोक तिथे गुपितं लपवतात, मी उलट संशयित पाहुणे तिथे बसवतो.

क्यूब्स टाकून बघायचीच असेल तर कामाच्या मशीनवर नको, जुन्या रिकाम्या लॅपटॉपवर टाका. अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. पीडीएफ पाठवली तरी चालेल, कुठे उघडेन ते आता तुम्हाला माहीत आहे.