दारातली वाट: आधी मुरूम, मग ब्लॉक

आज आपण बोलणार आहोत रस्त्यापासून दारापर्यंतच्या वाटेबद्दल. पावसाळ्यात या वाटेवर चिखल होतो, गाडी रुतते, म्हातारी माणसं घसरतात. मग कुणी म्हणतं, "पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ." ब्लॉक जरूर टाका, पण त्याआधी आमची फजिती ऐका.

आमच्या गटाच्या पापडाच्या शेडपुढे टेम्पो यायला वाट हवी होती. गटाच्या शिलकीतून पैसे काढले, चांगले जाड ब्लॉक आणले. ब्लॉक आले आणि पैसे संपले. मग काय, काळ्या मातीवरच वाळू पसरली आणि ब्लॉक मांडले. दिवाळीपर्यंत टिकेल असं वाटलं होतं, पण श्रावणातच चाकांच्या जागी चर पडले. पाणी शेडकडे वळलं आणि उडदाच्या डाळीची दोन पोती भिजली. ब्लॉक मात्र एकही फुटला नव्हता. चूक वरची नव्हती, खालची होती.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर ठेवलेली वस्तू स्थिर राहत नाही. म्हणून ती काढायची आणि तिथे मुरूम दाबून भरायचा. टेम्पो येणार असेल तर मुरमाचा थर दाबून सहा इंच हवा. त्यावर दीड इंच वाळू किंवा क्रश सँड आणि त्यावर ब्लॉक. एकूण खोदाई साधारण साडेदहा इंच. काढलेली माती परसबागेला घाला.

आता ब्लॉकची जाडी. भारतीय मानक आय.एस. 15658 मध्ये वापराप्रमाणे जाडी ठरवली आहे. पायवाट आणि दुचाकीला 60 मिलिमीटर पुरतात. टेम्पो किंवा ट्रॅक्टर येणार असेल तर 80 मिलिमीटरचे घ्या. रंगाला भुलू नका. रंगीत ब्लॉक महाग असतो, म्हणून तो मजबूत असतोच असं नाही.

पारख कशी करायची? दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला तर माल कच्चा समजा. ब्लॉक कधी पाडले ते विचारा, कारण सिमेंटचा माल पाणी मिळत गेला तर साधारण 28 दिवसांत पुरेसा पक्का होतो. आणखी एक सोपी परीक्षा आहे. उन्हात चांगला वाळवलेला ब्लॉक गटाच्या वजनकाट्यावर ठेवा, मग चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा वजन करा. मानकाप्रमाणे वाढ सरासरी शंभराला सहाच्या आत हवी. म्हणजे 3 किलो 800 ग्रॅमचा ब्लॉक सव्वादोनशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायला, तर दुसरीकडे चौकशी करा.

वाळूत माती नको. काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा, तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवा.

आता हिशेब करू. वाट दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब धरू, म्हणजे 200 चौरस फूट. इथे एक घोटाळा होतो. फरसबंदीच्या मापात ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, पण मुरूम आणि वाळूच्या मापात ब्रास म्हणजे 100 घनफूट. बोलताना दोन्ही वेगळे ठेवा.

सहा इंचांच्या थराला एक ब्रास मुरूम लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून सव्वा ब्रास मागवा. वाळू साधारण एक तृतीयांश ब्रास. विटेच्या आकाराचे, 200 बाय 100 मिलिमीटरचे ब्लॉक 930 लागतात. तुटफूट आणि कापाकापी धरून 975 घ्या. त्यांचं वजन पावणेचार टनांच्या आसपास भरतं, म्हणजे एका छोट्या टेम्पोचं हे काम नाही. वाहतूक आणि हमाली आधीच ठरवा. कडेला 50 फूट बांध आणि तो काँक्रीटमध्ये बसवायला दोन पोती सिमेंट.

भाव गावोगावी वेगळे असतात, म्हणून पुढचे आकडे समजुतीपुरते. समजा, ब्लॉकचे 9,450 रुपये झाले. वाहतूक-हमाली 2,500, मुरूम 3,750, वाळू 1,500, कडेचा बांध आणि सिमेंट-खडी 3,000, दाबायच्या मशीनचं भाडं 1,000. बेरीज 21,200. अडीअडचणीला दहा टक्के बाजूला ठेवले की झाले 23,320. पाहा, ब्लॉकचे पैसे निम्म्याहूनही कमी आहेत. आम्ही फक्त तेवढेच धरले होते! म्हणून यादी खालून वर लिहा: खोदाई, मुरूम, बांध, वाळू आणि शेवटी ब्लॉक. पैसे कमी पडले तर वाट अरुंद करा, पण थर पातळ करू नका. तीन ठिकाणी भाव विचारा, पक्की पावती घ्या. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याच्याही परवान्याची पावती मागा.

काम उन्हाळ्यात काढा. आधी नळाची पाइप खालून टाकून घ्या. रस्त्याकडेच्या गटारावरून वाट जात असेल तर ग्रामपंचायतीला विचारून तिथे नळी टाका, गटार बुजवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघा. दर पाच फुटांना एक इंच उतार द्या, तोही घरापासून लांब. हा उतार खोदतानाच धरायचा.

मुरूम एकदम ओतू नका. तीन-तीन इंचांचे दोन थर करा, दर थरावर पाणी मारून धुम्मस करा किंवा मशीन फिरवा. मग कडेचा बांध घाला आणि आठवडाभर त्याला पाणी द्या. बांध नसेल तर चाकाच्या रेट्याने ब्लॉक बाहेर सरकतात. वाळू पसरून फळीने सारखी करा, त्या थरावर धुम्मस करायचं नाही. मग एक ब्लॉक आडवा, एक उभा अशी गुंफण करत मांडा. मांडून झाल्यावर वरून मशीन फिरवा आणि कोरडी बारीक वाळू खराट्याने फटींत भरा. फटींत सिमेंट ओतू नका. वाळू असली की वाट थोडं पाणी पिते आणि पुढे पाइप फुटली तर ब्लॉक उचलून परत बसवता येतात.

आम्हीही तेच केलं. सगळे ब्लॉक उचलले, धुतले, माती काढली, मुरूम भरला आणि तेच ब्लॉक पुन्हा मांडले. खोदाई सगळ्याजणींनी मिळून केली, तरी मुरूम, बांध आणि मशीनचा खर्च झालाच. भिजलेल्या डाळीचे पैसे गेले ते गेलेच. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात टेम्पो थेट शेडच्या दारात आला आणि चर पडला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत टेप घेऊन आपली वाट मोजा, यादी खालून वर लिहा. ब्लॉकचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा.