बंदुकीचा दस्ता हलतोय? सुताराकडे नेण्याआधी हे वाचा

उन्हाळ्यात बंदूक पुसायला काढली की बऱ्याच घरांत एक गोष्ट लक्षात येते. मागचा लाकडी दस्ता थोडा हलतो. कलघटगी, अळणावर, हल्याळ, खानापूर या जंगलालगतच्या पट्ट्यात शेतराखणीसाठी परवान्याची बंदूक ठेवणारी घरं आहेत. कुणाकडे आजोबांच्या काळची ठासणीची, कुणाकडे बारा बोअरची. दस्ता हलला की पहिला विचार येतो गावातल्या सुताराचा. "दोन स्क्रू तर आवळायचेत, त्यात काय?" असं वाटतं. पण अडचण नेमकी तिथंच आहे.

दस्ता सैल का होतो?

मुख्य कारण हवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड दमटपणानं फुगतं आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसतं. लोखंड मात्र आहे तेवढंच राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की लाकूड आणि लोखंड यांच्यात फट पडते.

दुसरं कारण तेल. नळीत भरपूर तेल घालून बंदूक भिंतीला उभी केली की तेल हळूहळू खाली उतरून दस्त्याच्या तोंडाशी मुरतं. तेल प्यालेलं लाकूड मऊ पडतं, स्क्रू धरत नाही. म्हणून तेल बेताचं लावावं आणि जास्तीचं कोरड्या फडक्यानं पुसून काढावं.

तिसरं कारण बार उडतानाचा धक्का. जोड घट्ट असेल तर हा धक्का सगळ्या दस्त्यावर पसरतो. जोड सैल असेल तर लोखंड दर वेळी लाकडावर आपटतं आणि मुठीजवळ, म्हणजे दस्ता सगळ्यात बारीक असतो तिथं, चीर पडते. अशी बंदूक हातातच मोडू शकते. नेम चुकतो तो वेगळाच.

घरी काय बघायचं?

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. काडतुसाची असेल तर उघडून डोळ्यानं बघा, बोट घालून बघा. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. शंका असेल तर तिला हात न लावता जाणत्या कारागिराला दाखवा.

मग उजेडात तीन गोष्टी तपासा: लाकूड आणि लोखंड यांच्यात फट दिसते का, मुठीजवळ केसासारखी चीर आहे का, आणि हलक्या हातानं पिळल्यावर दस्ता हलतो का. यातलं काहीही आढळलं तर ती बंदूक वापरू नका. फेविकॉल, एमसील, तार, खिळा यांतलं काही लावू नका. वरून जोड घट्ट वाटतो, पण आतली चीर तशीच वाढत राहते आणि पुढं कारागिरालाही काम अवघड होतं. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की तेव्हाही एकदा असंच बघून घ्यावं.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवायला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्त करायलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणजे ओळखीपोटी दस्ता बसवून देणारा सुतार नाहक गोत्यात येऊ शकतो. समोरच्याला अधिकार आहे का हे न बघता बंदूक त्याच्या हाती देणाऱ्या मालकासाठीही कलम २९ आहेच.

हल्ली मोबाईलवर घरी बांधलेल्या रायफलचे व्हिडिओ दिसतात. दस्त्याच्या जागी लोखंडी नळी, ती सैल झाली की मागचा नट आवळायचा, असं त्यात दाखवतात. ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथं बऱ्याच राज्यांत स्वतःपुरती बंदूक जोडायला मुभा आहे. आपल्याकडे घरी बांधलेली बंदूक हाच मुळात गुन्हा. तिची नळी घट्ट आहे की सैल, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग करायचं काय?

दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे किंवा दुकानात जा. जाताना बंदूक रिकामी आणि पिशवीत बांधलेली असावी, परवाना सोबत असावा. मालक म्हातारा असेल, प्रवास झेपत नसेल, तर कलम ३ मध्ये सोय आहे. मालकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला नेऊ शकतो. मुलाच्या हाती नुसती बंदूक देऊ नका, सहीची चिठ्ठीही द्या.

सीमाभागातल्यांनी आणखी एक बघावं. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रापुरता चालतो हे लिहिलेलं असतं. तो फक्त कर्नाटकापुरता असेल तर धारवाडहून बंदूक घेऊन कोल्हापूर गाठणं महागात पडेल. चंदगडकडून इकडं येणाऱ्यांनाही तेच लागू. शंका असेल तर आधी विचारा: हुबळी-धारवाड शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात डीसी ऑफिसमध्ये.

स्क्रूकडं लक्ष देणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्या पातळीवर दस्ता जरासा हलला तरी गुण जातात. आपल्या शेतावर प्रश्न गुणांचा नसतो, हाताचा आणि डोळ्याचा असतो. एक फेरी पडली तरी चालेल, बंदूक योग्य माणसाकडंच न्या.