कोणते भिंग, कोणासाठी?



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी देणगी देणाऱ्या कात्रपच्या काही कुटुंबांनी विचारले आहे, "पाड्यावरच्या आजींना साधेच भिंग का? महागातले द्यायला आम्ही तयार आहोत." प्रश्न प्रेमापोटीचा आहे, म्हणून जरा खोलात जाते.

मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवतात. असे पहिले भिंग डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवले. युद्धात विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळे बिथरले नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. त्याच जातीच्या प्लास्टिकचे कडक भिंग अजून वापरात आहे. १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली आणि भिंगे गरिबांच्या आवाक्यात आली.

कडक भिंगाला सुमारे ६ मिलिमीटरची चीर लागते. घडीचे भिंग ३ मिलिमीटरपेक्षा लहान चिरेतून आत जाऊन उलगडते, त्यामुळे जखम लवकर भरते आणि तिरका नंबर कमी येतो. घडीचे परवडत असेल तर जरूर घ्यावे. भिंगाची मागची कड चौकोनी असली की भिंगामागची पिशवी पुन्हा गढूळ होण्याचे प्रमाणही घटते.

खरा गोंधळ मल्टिफोकलचा. हे भिंग प्रकाश वाटून देते, काही दूरसाठी, काही जवळसाठी. चष्मा बराचसा सुटतो. पण रात्री दिव्याभोवती वलये दिसतात आणि अंधुक उजेडात वस्तूंच्या कडा फिक्या पडतात. एका बल्बच्या उजेडात चूल पेटवणाऱ्या, अंधारात पायवाट तुडवणाऱ्या आजींना हा सौदा महागात पडतो. साधे, एकाच अंतराचे भिंग सगळा प्रकाश दूरच्या नजरेला देते. तांदूळ निवडायला चष्मा लागतो, एवढेच. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल तर मल्टिफोकल डॉक्टरही सहसा टाळतात.

अॅस्फेरिक भिंगात कडेकडे वक्रता बदलत नेलेली असते. बाहुली मोठी असताना प्रतिमा अधिक रेखीव येते. उतारवयात बाहुली लहानच राहते, त्यामुळे फायदा बेताचा.

माझ्या मते भिंगाच्या जातीइतकेच मापाला महत्त्व आहे. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटर चुकला तर नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. मग किमती भिंगही व्यर्थ.

तेव्हा महागड्या भिंगाला द्यायची रक्कम तीन गोष्टींसाठी द्या: शस्त्रक्रियेआधीचे नीट मोजमाप, फेरतपासणीला येण्याजाण्याचे रिक्षाभाडे आणि महिना-दीड महिन्यानंतरचा जवळचा चष्मा. आजी बहुधा अडतात त्या या तिसऱ्यापाशीच.