खाचरातली इंग्रजी

भाताची कापणी-झोडणी आटोपली, पेंढा गंजीला लागला आणि खाचरातली ओल पुरती आटली, की भोर-वेल्ह्याच्या मुलखात क्रिकेटचा हंगाम उभा राहतो. चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर करीत वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पौष-माघात पाहावे, तर ज्या खाचरांत आषाढात गुडघाभर चिखल होता तीच आता मैदान झालेली, मधली पट्टी पाणी मारून धुमसाने ठोकलेली आणि तीवर फक्कीने रेघा ओढलेल्या दिसतात. चेंडू टेनिसचा, सामना सहा किंवा आठ षटकांचा, आणि पायचीतचा नियम बहुधा मुळातच वगळलेला. सबब तेवढे तंटे वाचतात. खेळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुण्या-मुंबईच्या नोकरीवरून शनिवारी रात्री गावी उतरलेले असतात.

मी तेथे जातो तो खेळ पाहण्यासाठी कमी आणि बोलणे ऐकण्यासाठी अधिक. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. तथापि वर्गात उभे राहून चार वाक्ये बोलताना ज्याच्या कपाळावर घाम येतो तोच मुलगा मैदानावर ‘सिटर’, ‘डॉली’, ‘निक’, ‘गोल्डन डक’ असले शब्द, जे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडावयाचे नाहीत, अशा अधिकाराने उच्चारतो की जणू ते त्याच्या आजोळचे आहेत. ही विद्या येते कोठून, याचा शोध घ्यावयाचा तर गुणलेखकाच्या टेबलाशी बसावे लागते.

या विद्येची उमेदवारी ठरलेली आहे. प्रथम बांधापलीकडे गेलेला चेंडू आणून देणे, पुढे गुणलेखकाजवळ बसून खडूने फळ्यावरचे आकडे बदलणे, आणि मग कधीतरी क्षेत्ररक्षणात वर्णी लागणे. एकदा असाच फळा सांभाळणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी होता. ध्वनिक्षेपकावरून समालोचक ओरडला, “सिटर सोडला, सिटर!” मुलाने विचारले, “दादा, सिटर मंजी?” गुणलेखकाने वहीतून मान वर केली नाही, “बघ की म्होरं,” एवढेच म्हणाला. पुढच्या षटकात एक उंच, आळसावलेला चेंडू पॉइंटच्या थेट ओंजळीत येऊन निसटला, तेव्हा समालोचकाच्या आधी हे पोर किंचाळले, “सिटर!” शब्दकोश उघडला नाही, अर्थ सांगितला नाही, चूक करणाऱ्याची फजिती हाच येथला अर्थ, आणि तो जन्मभर विसरला जाणे नाही.

समालोचक हा या शाळेचा मुख्याध्यापक म्हणावा. त्याच्या दोन भाषा असतात. सरपंच किंवा बक्षीस देणारे पाहुणे मंडपात आले, की तो ‘त्रिफळाचीत’, ‘यष्टिरक्षक’, ‘षटकार’ अशा, आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी घरोघर पोहोचविलेल्या भारदस्त मराठीत बोलू लागतो. आणि पाहुणे चहाला गेले, की पुन्हा ‘चीकी सिंगल’ आणि ‘काऊ कॉर्नर’ सुरू होतात. लाँग-ऑन आणि डीप मिडविकेट यांच्यामधल्या ज्या कोपऱ्यात शहाण्या फलंदाजाने चेंडू मारू नये त्याला ‘काऊ कॉर्नर’ हे नाव लंडनच्या डलविच कॉलेजच्या मैदानावर पडले, तेथे त्या बाजूला गाई चरत, असे सांगतात. वेल्ह्यात तो कोपरा समजावून सांगण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे म्हशी प्रत्यक्ष बांधलेल्या असतात, आणि तिकडे फटका गेला की म्हशीची मालकीण समालोचकापेक्षा मोठ्या आवाजात आपले समालोचन करते.

दूरदर्शनवरच्या तज्ज्ञांच्या गोड इंग्रजीपेक्षा या मुलांना यष्टीजवळच्या मायक्रोफोनने अधिक शिकविले आहे. 2018 च्या डिसेंबरात मेलबर्नच्या कसोटीत ऋषभ पंतने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेनला ‘टेम्पररी कॅप्टन’ म्हणून डिवचले. ते दोन शब्द भ्रमणध्वनीवरून या खोऱ्यातही उतरले, आणि नेहमीचा कर्णधार पुण्याला अडकला की त्याच्या जागी उभा राहणाऱ्याला आता दुसरे नाव राहिलेले नाही. डिवचण्याची ही कला इंग्रजीने आणली असे मात्र कोणी समजू नये. एखादा फलंदाज एकाच गोलंदाजाला वारंवार बळी पडला की इंग्रज त्याला ‘बनी’ म्हणतो, आम्ही ‘गिऱ्हाईक’ म्हणत आलो, आणि माझ्या मते आमचा शब्द अधिक झोंबतो.

खरा अभ्यास होतो तो तंट्यात. चेंडू सुटण्याआधीच रेघ सोडून पळणाऱ्या बिनटोल्याच्या फलंदाजाची यष्टी गोलंदाजाने उडविली, की “मांकड! मांकड!” असा गिल्ला होतो. विनू मांकड यांनी 1947 च्या डिसेंबरात सिडनीच्या कसोटीत बिल ब्राऊनला असे बाद केले, आणि आपल्याच माणसाचे नाव इंग्रजी क्रिकेटची बोली होऊन पुन्हा आपल्याकडे परत आले. “ह्ये काय खेळणं हाय व्हय?” असे एक पक्ष म्हणतो, दुसरा भ्रमणध्वनी काढून नियम दाखवितो, कारण ऑक्टोबर 2022 पासून क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने हे कलम अनुचित खेळाच्या सदरातून काढून रीतसर धावबादाच्या कलमात दाखल केले आहे, आणि ती इंग्रजी कलमबाजी, एरवी परीक्षेत नापास होणारा मुलगा, शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवितो. पंचाचा फैसला काय होतो हे गौण होय. पुराव्यादाखल वाचलेली इंग्रजी पाठांतराच्या इंग्रजीहून निराळ्या जातीची असते.

एक शब्द मात्र येथे कोणी उचललेला मी ऐकला नाही. गचाळ खेळाला इंग्रज खेळाडू ‘व्हिलेज’ म्हणतात. तो मी एकदा गुणलेखकाला सांगितला. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “काका, त्यो आपल्या कामाचा न्हाय.”

ज्यांना ही इंग्रजी ऐकावयाची असेल त्यांनी हंगामात रविवारी सकाळी दहाच्या आत नसरापूर ओलांडावे आणि मंडपातली खुर्ची नाकारून गुणलेखकाच्या टेबलाशेजारी जागा मिळवावी. सीमारेषेवर फक्त लाऊडस्पीकर ऐकू येतो.