खिडकीतला समुद्र कुठे गेला?

फोनच्या स्क्रीनवर फोटो कसा झकास दिसत असतो! केशरी आकाश, चमचमणारं पाणी, सावलीतला चेहराही स्वच्छ. तुम्ही खुशीत तो वेबसाइटवर चढवता आणि... फुस्स! आकाश पांढरंफटक, चेहरे मळकट, सगळ्या फोटोवर जणू कोणी पातळ ताक ओतलंय. मग लॅपटॉप जुना झालाय, वेबसाइट बकवास आहे, असं कोणावर तरी खापर फोडून आपण मोकळे होतो. पण मंडळी, घोळ वेगळाच असतो. तुमचा फोटो एचडीआर, म्हणजे 'हाय डायनॅमिक रेंज'चा असतो आणि वेबवर जाता जाता कोणीतरी त्याला साधा करून टाकलेला असतो. हे 'कोणीतरी' कोण, हाच खरा प्रश्न आहे.

भाडं कशाचं? खिडकीचं!

माझी एक मैत्रीण पुण्यात आयटीत आहे. गुहागरजवळचं तिचं घर आता होमस्टे झालंय. समुद्राकडच्या खोलीचं भाडं बाकीच्यांपेक्षा जास्त, कारण एकच, ती खिडकी. वेबसाइटसाठी आमच्या ग्रुपमधल्या फोटोग्राफर मित्राने भर दुपारी ट्रायपॉड लावून त्या खोलीचे तीन फोटो काढले. एक अंधारा, त्यात समुद्र नीट येतो. एक मधला. आणि एक खूप उजळ, कोपऱ्यातलं लाकडी कपाट दिसावं म्हणून. तिन्ही एकत्र करून त्याने ३२ बिटची एचडीआर फाइल बनवली. ती घाईघाईत जेपीईजी होऊन साइटवर गेली आणि दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला बाबांचा फोन.

"अगो, खोली छान दिसत्ये. पण खिडकीतला समुद्र कुठे गेला?"

खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन! वर एका पाहुण्याने फोन करून विचारलं, "समोर भिंत आहे का हो?" आता बोला. ज्याचे जास्त पैसे घ्यायचे, तेच फोटोतून गायब.

हंडा आणि तांब्या

यामागचा फंडा सोपा आहे. भर दुपारचा समुद्र आणि पलंगाखालचा कोपरा यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक असू शकतो. फोटोग्राफीच्या भाषेत एक 'स्टॉप' म्हणजे दुप्पट उजेड. असे दहा स्टॉप झाले की फरक १,०२४ पटींचा. आपला डोळा खिडकीकडे बघताना वेगळा जुळतो, कोपऱ्याकडे बघताना वेगळा, म्हणून आपल्याला दोन्ही दिसतं. एचडीआर फाइलही हा सगळा फरक सांभाळून ठेवू शकते. पण वेबवरचा आपला रोजचा जेपीईजी १९९२ च्या स्टँडर्डमधला आहे. त्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे फक्त २५६ पायऱ्या.

थोडक्यात, हंडाभर पाणी तांब्यात ओतायचंय. काहीतरी सांडणारच. काय सांडू द्यायचं हे ठरवण्याला म्हणतात 'टोन मॅपिंग'. तुम्ही ठरवलं नाहीत, तर सॉफ्टवेअर ठरवतं. आणि त्या बिचाऱ्याला काय माहीत, की भाडं खिडकीचं आहे!

ही डोकेदुखी कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे बरं का. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी, अशा दोन जोडून एक फोटो छापायचा. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी कमी-जास्त उजेडाच्या साध्या फोटोंतून एचडीआर चित्र कसं तयार करायचं, ते दाखवून दिलं. यातले मलिक हे आयआयटी कानपूरचे, कॉलर ताठ करायला हरकत नाही!

चार फोटो, एक निर्णय

मग एका शनिवारी आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसलो. पहिला फोटो होता तोच, थेट कापलेला. २५६ पायऱ्यांत जे बसलं नाही ते पांढरं. दुसऱ्यात सॉफ्टवेअरने सगळा उजेड सारखा दाबून बसवला. समुद्र आला, पण खोली हॉस्पिटलच्या वॉर्डसारखी राखाडी. तिसऱ्यात मित्राला जोर चढला. प्रत्येक भेग, प्रत्येक कौल ठसठशीत, खिडकीभोवती पांढरी प्रभावळ. एके काळी सगळे एचडीआर फोटो असेच असायचे, आठवतंय? "हे घर आहे की गणपतीचं डेकोरेशन?" इति मैत्रीण.

शेवटी तिने तिन्ही फोटो बाबांना पाठवले. त्यांचं उत्तर कुठल्याही फोटोग्राफी कोर्सपेक्षा भारी होतं. "कोपऱ्यात दुपारी काळोख असतोच गो. तो असू दे. समुद्र दिसला म्हणजे झालं."

बस्स! चौथ्या फोटोत कोपरा काळोखा ठेवला, कपाटाची नुसती कड दिसू दिली आणि वाचलेल्या सगळ्या पायऱ्या खिडकीला आणि पलंगावर पडलेल्या उन्हाला दिल्या. खोली खरी वाटायला लागली. समुद्र थोडा फिका, पण निळा.

फाइलच्या पोटात फाइल

"पण आता नवीन फोनवर एचडीआर दिसतं की," असं म्हणाल. बरोबर. २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ बरोबर 'अल्ट्रा एचडीआर' आलं. ही युक्ती भन्नाट आहे. फाइल साध्या जेपीईजीचीच, पण तिच्या पोटात आणखी एक छोटं चित्र असतं, 'गेन मॅप'. कुठला भाग किती पट उजळायचा, हे त्यात लिहिलेलं. जुना लॅपटॉप साधा फोटो दाखवतो, नवी स्क्रीन मॅप वाचून समुद्र खरोखर चमकवते. अ‍ॅपलनेही २०२४ च्या आयओएस १८ मध्ये हाच रस्ता धरला आणि २०२५ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही निघालं.

मेख एकच. बऱ्याच वेबसाइट्स अपलोड झालेल्या फोटोची स्वतःची छोटी कॉपी बनवतात आणि त्यात हा मॅप गळून पडतो. उरतो तो साधा फोटो. म्हणजे साधा फोटो ही उरलीसुरली कॉपी नव्हे, बहुतेक लोकांसाठी तोच तुमचा फोटो. चमक हा बोनस!

हे करून बघाच

१. मूळ फाइल, मग ती रॉ असो की ३२ बिट, जपून ठेवा. जेपीईजीतून सांडलेला उजेड परत येत नाही.

२. एक्स्पोर्ट करण्याआधी साधी आवृत्ती डोळ्यांनी बघा. लाइटरूममध्ये २०२३ पासून एचडीआर एडिटिंग आहे. साध्या स्क्रीनवर काय दिसेल, याचा प्रिव्ह्यूही तिथेच मिळतो.

३. साध्या कॉपीचे रंग 'एसआरजीबी'त बदला आणि कलर प्रोफाइल फाइलमध्येच राहू द्या. प्रोफाइल गेलं की रंग मरगळतात.

४. फॉरमॅट? आयफोनचा एचईआयसी थेट वेबवर टाकू नका, सगळे ब्राउझर तो उघडत नाहीत. जेपीईजी सगळीकडे चालतो. वेबपी हलका, पण तोही ८ बिटचाच. एव्हीआयएफमध्ये १० आणि १२ बिटची सोय आहे आणि आजचे मोठे ब्राउझर तो दाखवतात. पीएनजीच्या २०२५ च्या नव्या आवृत्तीत एचडीआर आलंय, पण फोटोसाठी ती फाइल जड होते.

५. लांब बाजू १,६०० ते २,००० पिक्सेल पुष्कळ झाली. २० एमबीचा फोटो उघडेपर्यंत पाहुणा दुसरीकडे बुकिंग करून मोकळा होतो.

६. अपलोड झाल्यावर तोच फोटो एखाद्या स्वस्त फोनवर आणि ऑफिसच्या जुन्या मॉनिटरवर उघडून बघा. तुमचं गिऱ्हाईक तिथेच बसलेलं असतं.

होमस्टे असो, घरचं लग्न असो की तुमचा पोर्टफोलिओ, एक्स्पोर्टचं बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : या फोटोतलं काय गेलं तर फोटोच गेला? तेवढं वाचवा. बाकी थोडा काळोख राहिला, तर राहू दे की!